विरोधाभास एक, इंग्रजी शब्द चार

पॅरडॉक्स, ऑक्सिमोरॉन, कॉन्ट्रडिक्शन आणि आयरनी या चारही शब्दांना मराठीत विरोधाभासच म्हणायचं का, हा तुमचा प्रश्न. नाही. घोळ 'विरोधाभास' हा शब्द नीट न फोडल्यामुळे होतो. विरोधाचा आभास, म्हणजे विरोध वरवरचा. खोलात गेलं की अर्थ जुळतो.

हे वर्णन बसतं ते पॅरडॉक्सला. 'नवा रस्ता बांधला आणि कोंडी वाढली' हे ऐकायला खुळचट वाटतं. पण प्रत्येक जण फक्त स्वतःपुरता जवळचा मार्ग निवडतो, त्यामुळे जादा रस्त्याने सगळ्यांचाच वेळ वाढू शकतो, हे जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी 1968 मध्ये गणिताने दाखवलं. कारण कळलं की विरोध विरतो. अपवाद 'हे वाक्य खोटं आहे' यासारख्या वाक्यांचा. खरं मानलं तर ते खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. हाही पॅरडॉक्सच, पण इथे 'आभास' म्हणणं जड जातं. अशा वेळी सरळ पॅरडॉक्स लिहावं.

कॉन्ट्रडिक्शनमध्ये विरोध खराच असतो, कितीही खोल गेलात तरी सुटत नाही. साक्षीदार आधी म्हणतो दार बंद होतं, मग म्हणतो उघडं होतं. याला 'जबाबातली विसंगती' म्हणा. बोलणारा एकाच दमात स्वतःला खोडत असेल ('मी जन्मभर मौन पाळलंय' असं तोंडाने सांगणारा), तर आपल्याकडे वदतोव्याघात हा झकास शब्द आहे.

इथेच काँट्ररी आणि कॉन्ट्रडिक्टरी यांचीही गल्लत होते, आणि तर्कशास्त्राच्या पेपरात ती महागात पडते. 'पेटीतले सगळे आंबे गोड आहेत' आणि 'एकही गोड नाही' ही दोन्ही विधानं एकदम खरी असू शकत नाहीत, पण दोन्ही खोटी असू शकतात: अर्धी पेटी आंबट निघाली की झालं. म्हणून ही जोडी काँट्ररी. 'सगळे गोड आहेत' याचं कॉन्ट्रडिक्टरी विधान 'निदान एक तरी गोड नाही' हे. या जोडीतलं एक खरं आणि एक खोटं असणारच, तिसरी वाट नाही.

ऑक्सिमोरॉनचं काम सोपं. तो दोन-तीन शब्दांत मावतो: उघड गुपित, बोलकं मौन. ग्रीकमध्ये ऑक्सिस म्हणजे तीक्ष्ण आणि मोरोस म्हणजे बोथट, मंद; शब्द स्वतःच स्वतःचं उदाहरण. 'पिवळा पीतांबर' मात्र ऑक्सिमोरॉन नव्हे. ती द्विरुक्ती, अगदी उलट प्रकार.

सगळ्यात जास्त छळ होतो तो आयरनीचा. तिथे विरोध दोन शब्दांत नसतो, अपेक्षा आणि घटना यांच्यात असतो. लग्नात पाऊस आला ही आयरनी नाही, नुसतं दुर्दैव. पाऊस टाळायला लग्न कोकणातून जैसलमेरला हलवलं, तिथे धो धो कोसळला आणि कोकण कोरडं राहिलं, ही आयरनी. नाटकातली आयरनी वेगळी: प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस राजा ज्या खुन्याला शोधतो तो स्वतःच असतो, आणि हे त्याच्याआधी प्रेक्षकाला ठाऊक असतं. मराठीत 'दैवदुर्विलास' फक्त दुःखद प्रसंगी चालतो. 'उपरोध' बोलण्यापुरताच, आणि तोही टोचून बोलण्याकडे, म्हणजे सार्कॅझमकडे झुकतो. बाकी ठिकाणी 'झालं नेमकं उलटं' एवढं लिहिलंत तरी पुरतं.