‘अंतराळाच्या सीमेवर’ की ‘वातावरणाच्या काठावर’?

फोंड्याच्या एका माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाईंनी पुढील शंका विचारली आहे. लढाऊ विमानातून अतिशय उंच जाण्याच्या सहलींविषयी त्यांच्या विद्यार्थ्यांनी हस्तलिखितासाठी एक लेख लिहिला असून, त्यात एकाच उड्डाणाला ‘अंतराळाच्या सीमेवर’, ‘अवकाशाच्या उंबरठ्यावर’ आणि ‘अंतरिक्षाच्या टोकाला’ अशी तीन वर्णने आली आहेत. यांतले कोणते ठेवावे आणि विमानातल्या प्रवाशाला ‘अंतराळवीर’ म्हणावे का, हे त्यांना जाणून हवे आहे.

माझे मत आधीच सांगतो. ‘सीमा’ हा शब्द येथे वापरू नये, ‘काठ’ वापरावा, आणि तो काठ अंतराळाचा म्हणण्यापेक्षा वातावरणाचा म्हणावा. ‘वातावरणाच्या काठावर’ हा प्रयोग मराठी म्हणून सहज आहे आणि वस्तुस्थितीलाही धरून आहे.

वस्तुस्थिती अशी की, रशियातील निझ्नी नोव्गोरोद येथील सोकोल विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून मिग-29 विमानांतून अशा सहली होत असत, त्यांची उंची साधारण 17 ते 20 किलोमीटर सांगितली जाई. गोव्यातल्या मुलांना मिग-29 हे नाव नवीन नाही, कारण त्याच घराण्यातली नौदलाची मिग-29के विमाने दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून उडतात आणि वास्को-चिखली परिसरात त्यांचा आवाज ओळखीचा आहे. आपली प्रवासी विमाने 10 ते 12 किलोमीटरवरून जातात, म्हणजे 20 किलोमीटर ही उंची खरोखरच असामान्य होय. परंतु अंतराळाची सीमा म्हणून जिला जगभर सर्वाधिक मान्यता आहे, ती कार्मान रेषा समुद्रसपाटीपासून 100 किलोमीटरवर आहे. विमानाने जेमतेम पाचवा हिस्सा गाठलेला असतो आणि उरलेले अंतर पणजीहून बेळगावपर्यंतच्या सरळ रेषेतल्या अंतराएवढे असते. इतके अंतर बाकी असताना ‘सीमेवर’ म्हणणे योग्य नव्हे.

‘सीमा’ या शब्दाला मराठीत मोजमापाचा आणि अधिकाराचा अर्थ चिकटलेला आहे. राज्याची सीमा, शेताची सीमा, वयोमर्यादेची सीमा या साऱ्या कोणीतरी ठरवलेल्या असतात, आणि त्या ओलांडल्या की नाही याचे उत्तर हो किंवा नाही असेच येते. कार्मान रेषा अशीच ठरवलेली आहे, मात्र तिच्यामागचा विचार भौतिकशास्त्राचा आहे. हवा विरळ होत गेली की पंखांना तेवढाच उचल मिळावा म्हणून विमानाला अधिकाधिक वेगाने जावे लागते, आणि सुमारे 100 किलोमीटरच्या आसपास हा आवश्यक वेग पृथ्वीभोवती प्रदक्षिणा घालण्याच्या वेगाइतका होतो, तेव्हा पंखांना काही काम उरत नाही. थिओडोर फॉन कार्मान यांच्या या विचारावरून रेषेला त्यांचे नाव मिळाले आणि हवाई विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय महासंघाने 100 किलोमीटर हा आकडा स्वीकारला. अमेरिकेच्या वायुदलाने मात्र 50 मैल, म्हणजे सुमारे 80 किलोमीटर, ही सीमा धरली. जुलै 1962 मध्ये रॉबर्ट व्हाइट एक्स-15 या रॉकेट-विमानातून जवळपास 96 किलोमीटरवर पोहोचले, तेव्हा अमेरिकेच्या हिशेबाने ते अंतराळवीर ठरले आणि महासंघाच्या हिशेबाने ठरले नाहीत. पुढच्याच वर्षी त्याच विमानातून जो वॉकर यांनी 100 किलोमीटरचा टप्पा ओलांडला आणि त्यांच्याबाबत असा प्रश्नच राहिला नाही. ‘सीमा’ म्हटले की असा वाद येतो, आणि तो यावाच, कारण त्या शब्दाचे कामच नेमकेपणा मागणे हे आहे.

‘काठ’ या शब्दाचा स्वभाव निराळा आहे. त्याला रुंदी असते. साडीचा काठ चार बोटे असो वा वीतभर, तो त्याच कापडात विणलेला असतो आणि तो संपला की कापड संपते. वातावरणाचे नेमके असेच आहे, ते एखाद्या रेषेपाशी तुटत नाही, विरळ होत होत संपते. 20 किलोमीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे साडेपाच टक्के उरतो, म्हणजे जवळजवळ पंच्याण्णव टक्के हवा पायाखाली गेलेली असते. निळा रंग विखुरण्यासाठी वर पुरेशी हवाच राहत नाही, म्हणून भर दुपारी माथ्यावरचे आकाश काळेभोर दिसते आणि निळाई क्षितिजालगत एका पट्ट्यात एकवटते. पणजीच्या वर 20 किलोमीटरवर गेल्यास क्षितिज सुमारे 500 किलोमीटर दूर सरकते, मुंबई त्याच्या बरीच आत येते, आणि पृथ्वीची वक्रता नजरेला जाणवू लागते. प्रवाशाला जे दिसते ते काठावरचे दृश्य आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही.

शरीराच्या दृष्टीने तर हा काठ फार गंभीर आहे. साधारण 19 किलोमीटरवर हवेचा दाब इतका घटतो की पाणी 37 अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानालाच, उकळते. अमेरिकी वायुदलातील वैद्यक हॅरी आर्मस्ट्राँग यांच्या नावाने ही मर्यादा ओळखली जाते (चंद्रावर गेलेले आर्मस्ट्राँग ते वेगळे). रक्तवाहिन्यांच्या दाबामुळे रक्त उकळत नाही, पण उघड्या शरीराने तेथे गेल्यास तोंडातली लाळ आणि डोळ्यांतले पाणी उकळू लागेल. म्हणून 21 किलोमीटरहून वर जाणाऱ्या यू-2 या अमेरिकी टेहळणी विमानाचे वैमानिक अंतराळवीरांसारखा संपूर्ण दाबपोशाख घालतात, रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून उड्डाणापूर्वी सुमारे तासभर शुद्ध प्राणवायू घेतात, आणि जेवणही शिरस्त्राणाला असलेल्या छिद्रातून नळी घालून, टूथपेस्टसारख्या ट्यूबमधले खातात. कायद्याच्या हिशेबाने हे वैमानिक आकाशातच असतात, मात्र त्यांचा पोशाख अंतराळाला शोभणारा असतो. ‘काठ’ या शब्दात या दोन्ही गोष्टी मावतात.

आता वर्णनातल्या पहिल्या पदाकडे, म्हणजे अंतराळ, अवकाश की अंतरिक्ष या निवडीकडे वळू. ‘अंतरिक्ष’ हा वैदिक शब्द द्युलोक आणि पृथ्वी यांच्यामधल्या प्रदेशाचा, म्हणजे वारा, मेघ आणि पक्षी यांच्या प्रदेशाचा वाचक आहे. त्या मूळ अर्थाने दाबोळीहून सुटणारे प्रत्येक विमान अंतरिक्षातच असते. आजच्या अर्थाने तो हिंदीत रुळला आहे, मराठी लेखात त्याची गरज नाही. ‘अवकाश’ शुद्ध मराठी वापरातला आहे, तरी ‘परीक्षेला अजून अवकाश आहे’ असेही आपण म्हणतो, त्यामुळे मुलांच्या लेखात अर्थ वाक्यावरून स्पष्ट होईल इतके पाहावे. ‘अंतराळ’ या शब्दाचा तर मुळातला अर्थच ‘मधली जागा’ असा आहे. धारबांदोडा तालुक्यात तांबडी सुर्ला येथील कदंबकालीन महादेव मंदिरात गर्भगृह आणि खांबांचा मंडप यांच्यामध्ये जो लहानसा भाग आहे, त्याला वास्तुशास्त्रात अंतराळच म्हणतात. मुलांना तेथे नेऊन हा शब्द दाखवता येईल, आणि ‘अंतराळी लटकणे’ या जुन्या प्रयोगाचा अर्थही त्यांना तेथेच उमगेल. पण आज अंतराळवीर, अंतराळयान, अंतराळस्थानक या शब्दांमुळे त्याचा अर्थ वातावरणापलीकडचा प्रदेश असा पक्का झाला आहे, आणि तो तसाच राहू द्यावा. कोकणीत आकाशाला ‘मळब’ म्हणतात आणि मराठीत ‘मळभ’ म्हणजे दाटून आलेले आभाळ, तेव्हा घरी कोकणी बोलणाऱ्या विद्यार्थ्याने ‘काळे मळब’ लिहिले असल्यास ते आवर्जून तपासावे, कारण मराठी वाचक त्या उंचीवर ढग आहेत असे समजेल. वस्तुतः ढग बहुतेक सारे खाली तपांबरात राहिलेले असतात आणि विमान स्थितांबरात असते. ‘स्थितांबर’ हा शब्द भूगोलाच्या पुस्तकातला असल्याने लेखात एकदा जरूर यावा.

‘उंबरठा’ मला पटत नाही. उंबरठ्यावरून पुढचे पाऊल घरातच पडते, येथे मात्र पुढचे पाऊल टाकताच येत नाही. जेट इंजिनाला जळण्यासाठी बाहेरची हवा लागते आणि तीच संपत आलेली असते. अलेक्झांडर फेदोतोव्ह यांनी ऑगस्ट 1977 मध्ये खास तयार केलेले मिग-25 विमान आधी प्रचंड वेगाने नेऊन मग तीव्र चढणीला लावले आणि 37,650 मीटर उंची गाठली, तीही त्या झेपेतली क्षणभराची उंची होती, त्या पातळीवर ते स्थिर उडणे शक्य नव्हते. आपल्या वायुदलातही बरेलीला मिग-25 विमाने 2006 पर्यंत टेहळणीसाठी होती आणि त्यांना ‘गरुड’ असे समर्पक नाव होते.

राहिला ‘अंतराळवीर’. मिग विमानातल्या प्रवाशाला तो शब्द लावू नये, ‘प्रवासी’ किंवा ‘सहप्रवासी’ पुरेसा आहे. राकेश शर्मा हे लढाऊ विमानांचे वैमानिक होते, पण अंतराळवीर ते 1984 मध्ये सोयुझ यानातून कक्षेत गेल्यावर झाले. ‘अंतराळ पर्यटन’ हा शब्दही याच कारणाने या सहलींना लागू पडत नाही. न्यू शेपर्ड या यानातून जुलै 2021 मध्ये चौघे 100 किलोमीटरच्या वर गेले, त्यांच्या सहलीला तो निःसंकोच लावावा. त्याच महिन्यात युनिटी हे यान सुमारे 86 किलोमीटरवर गेले होते, आणि त्याच्याविषयी लिहिताना विद्यार्थ्यांनी शब्दाच्या शेजारी उंचीचा आकडा आणि तो कोणाच्या सीमेनुसार मोजला आहे, हेही लिहावे.