हर्षल-प्लूटो योगावरून राज्यक्रांतीचं भाकीत करता येतं का?

तुम्ही विचारलंय की फ्रेंच राज्यक्रांती हर्षल (युरेनस) आणि प्लूटोच्या प्रतियोगात, म्हणजे दोघे आकाशात 180 अंशांवर समोरासमोर असताना, झाली असं एका ज्योतिषांनी तुम्हाला सांगितलं, ते खरं आहे का. आणि खरं असेल तर पुढची क्रांती कुठे, कधी होईल हे ग्रहांवरून आधीच कळू शकेल का.

पहिल्या भागाला माझं उत्तर हो, दुसऱ्याला नाही. मेदिनीय ज्योतिष, म्हणजे व्यक्तींऐवजी राष्ट्रांचं फलित सांगणारी शाखा, मी बरीच वर्षं आवडीने वाचतोय, ग्रहगणितही स्वतः करून बघतो. त्यामुळे हे उत्तर या विषयाबद्दल आस्था असलेल्या माणसाचं आहे, हे आधी सांगतो.

आकाशात काय होतं ते पाहू. 1789 च्या जुलैत हर्षल सायन (वसंत संपातापासून मोजलेल्या) सिंहेच्या सुरुवातीच्या अंशांत होता, प्लूटो कुंभेत. दोघे हळूहळू समोरासमोर येत होते आणि 1793 च्या आसपास प्रतियोग पूर्ण झाला. 21 जानेवारी 1793 ला सोळाव्या लुईचा शिरच्छेद झाला. सिंह ही राजाची रास, कुंभ ही जनसमूहाची, हर्षल म्हणजे उलथापालथ, प्लूटो म्हणजे जुन्याचा संहार. एवढं मांडलं की ऐकणाऱ्याला वाटतं, आता शंकेला जागाच कुठे आहे?

जागा आहे, आणि ती पहिल्याच पायरीवर आहे. हर्षल म्हणजे क्रांती हे ठरवलं कोणी? विल्यम हर्षल यांना हा ग्रह 13 मार्च 1781 ला दिसला. त्या वेळी अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध संपत आलं होतं आणि आठ वर्षांनी पॅरिसमधला बास्तीय हा तुरुंग-किल्ला पडणार होता. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय ज्योतिषांपुढे प्रश्न होता की या नव्या पाहुण्याला कोणतं कारकत्व द्यायचं, म्हणजे त्याच्याकडे कोणत्या गोष्टी सोपवायच्या. शोधाच्या आगेमागे काय घडलं ते त्यांनी पाहिलं आणि बंड, धक्का, स्वातंत्र्य, यंत्रयुग हे सगळं त्याच्या नावावर लिहिलं. म्हणजे फ्रेंच क्रांतीवरून हर्षलचं फळ ठरलं, आणि आज त्याच फळावरून फ्रेंच क्रांती सिद्ध केली जाते. प्लूटोचंही तसंच. तो 18 फेब्रुवारी 1930 ला सापडला, त्याला संहाराचं आणि निरंकुश सत्तेचं कारकत्व मिळालं ते त्यानंतरच्या भयंकर दशकांमुळे. 1789 मध्ये पॅरिसच्या एकाही ज्योतिषाला प्लूटो नावाचं काही आहे हे ठाऊक नव्हतं. तेव्हा 'क्रांती हर्षल-प्लूटोच्या प्रतियोगात झाली' हे वाक्य घटनेनंतर किमान 141 वर्षांनीच उच्चारता येणारं आहे.

राशीचा घोळ वेगळा. वर मी सायन स्थिती दिली. आपल्याकडे फलित निरयन पद्धतीने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेल्या राशींवरून सांगतात, आणि 1789 मध्ये या दोन पद्धतींमधला फरक, म्हणजे अयनांश, सुमारे 21 अंश होता. तेवढे वजा केले की हर्षल सिंहेतून उठून कर्केत जातो. मग राजाची रास कुठे राहिली? अशा वेळी 'कर्क म्हणजे जनता, प्रजा, अन्न' असं सांगितलं जातं, आणि पावासाठी झालेल्या उठावाला तेही चपखल बसतं. माझी अडचण नेमकी हीच आहे. दोन वेगळ्या राशी आणि दोन्ही तितक्याच छान जुळतात, तर त्या जुळण्याला पुरावा म्हणता येत नाही.

आता ग्रहांमधल्या कोनांकडे येतो, कारण कोन सायन-निरयनावर अवलंबून नसतात आणि या मांडणीचा सगळ्यात भक्कम भाग तोच आहे. समर्थकांची यादी साधारण अशी असते: 1789 नंतरच्या दशकात प्रतियोग, 1848 च्या युरोपभरच्या उठावांच्या आगेमागे युती, म्हणजे दोघे एकाच जागी (ती 1850-51 मध्ये पूर्ण झाली), 1965-66 ची युती आणि 1968 ची विद्यार्थी आंदोलनं, 2012 ते 2015 चा केंद्रयोग (90 अंशांचं अंतर) आणि त्याच्या तोंडावर 2011 मधले अरब देशांतले उठाव. यादी खोटी नाही. मी स्थिती तपासल्या आहेत, त्या बरोबर आहेत.

पण याच पट्टीने इतर क्रांत्या मोजा. जुलै 1776 मध्ये अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केलं तेव्हा हर्षल आणि प्लूटोमध्ये सुमारे 131 अंशांचं अंतर होतं. नोव्हेंबर 1917 मध्ये रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली तेव्हा सुमारे 135. ऑक्टोबर 1949 मध्ये चीनचं लोकसत्ताक घोषित झालं तेव्हा सुमारे 43. फेब्रुवारी 1979 मध्ये इराणमध्ये शहाची राजवट कोसळली तेव्हा 32 च्या आसपास. युती नाही, केंद्र नाही, प्रतियोग नाही. आधुनिक जगाचा नकाशा बदलणाऱ्या चार क्रांत्या या जोडीच्या हाताला लागत नाहीत. त्यावर दोन उत्तरं मिळतात. एक, 45 आणि 135 अंशांचे गौण योगही धरायचे. मग रशिया आणि चीन आत येतात, अमेरिका ओढूनताणून, इराण तरीही बाहेर. दुसरं, तिथे दुसरी जोडी बघायची: 1917 च्या ऑगस्टमध्ये शनि-नेपच्यून युती होतीच, इराणच्या वेळी त्याच दोघांचा केंद्रयोग होता.

इथे थोडं गणित केलंच पाहिजे. समजा, युती, दोन केंद्रयोग आणि प्रतियोग एवढेच चार योग घेतले आणि प्रत्येकाला अलीकडे-पलीकडे 15 अंशांचे दीप्तांश, म्हणजे तेवढी सूट, दिले. एका योगाला 30 अंश, चारांना 120. वर्तुळ 360 अंशांचं. म्हणजे इतिहासातला कोणताही दिवस डोळे मिटून निवडला तरी तो 'हर्षल-प्लूटोच्या प्रभावाखाली' असण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे. शनि-नेपच्यूनची जोडी धरली, आणि बास्तीयच्या वेळी युतीत असलेली गुरु-हर्षलची तिसरी जोडीही धरली, तर तिन्ही एकाच वेळी शांत असण्याची शक्यता (प्रत्येकी दोन-तृतीयांश, तिन्हींचा गुणाकार) 27 पैकी 8 उरते. उरलेल्या 27 पैकी 19 वेळा, म्हणजे सुमारे 70 टक्के काळ, आकाशात कुठला ना कुठला 'क्रांतिकारक' योग चालूच असतो. गौण योग वाढवले की रिकामा काळ जवळजवळ संपतो. एवढं मोठं जाळं टाकल्यावर मासा मिळाला याचं नवल करू नये.

तरीही 1789 बद्दल एक गोष्ट मला आजही थक्क करते. पिएर दाय्यी हे फ्रान्सचे कार्डिनल. 1414 साली, म्हणजे क्रांतीच्या पावणेचारशे वर्षं आधी, त्यांनी लिहून ठेवलं की जग तोवर टिकलंच, जे देवालाच ठाऊक, तर 1789 या वर्षी मोठे आणि आश्चर्यकारक बदल होतील, विशेषतः कायदे आणि धर्मपंथ यांच्या बाबतीत. हर्षल-प्लूटो त्यांना माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांची भिस्त होती गुरु-शनीच्या महायुतींवर आणि शनीच्या दहा फेऱ्यांवर, म्हणजे सुमारे 300 वर्षांच्या टप्प्यांवर. ही पद्धत मूळची पश्चिम आशियातली; बगदादच्या अब्बासी काळातल्या माशाअल्लाह आणि अबू मअशर यांनी राजवंशांची उलथापालथ याच युतींवरून मांडली होती. वीस वर्षांनी युती, दोनशे-अडीचशे वर्षांनी युतीच्या राशींचं तत्त्व बदलणार, हजारेक वर्षांनी चक्र पुन्हा पहिल्या जागी, असा तो भव्य हिशेब.

वर्ष अचूक लागलं, यात शंका नाही. पण दाय्यींना काय दिसत होतं? त्यांच्या काळात ख्रिस्ती धर्मसत्ता दुभंगली होती, एकाच वेळी तीन पोप गादीवर हक्क सांगत होते, आणि जगाचा अंत आलाच अशी भीती पसरली होती. अंत इतका जवळ नाही, चर्चमधली फूट सांधायला वेळ आहे, हे त्यांना दाखवायचं होतं. 1789 हे वर्ष त्यांच्या लेखी ख्रिस्तविरोधकाच्या, म्हणजे जगाच्या अंताआधी येणाऱ्या ख्रिस्ताच्या शत्रूच्या, आगमनाच्या आसपासचं होतं. जनतेने राजाला खाली खेचणं, मानवी हक्कांचा जाहीरनामा, लोकसत्ताक यातलं काही त्यांच्या भाकितात नाही. आकडा लागला, आशय लागला नाही. मला हे भाकीत टाकून द्यावंसं वाटत नाही, पण क्रांती आधी सांगितली होती असंही म्हणवत नाही.

विसाव्या शतकात असाच एक नेम लागला. फ्रेंच ज्योतिषी आंद्रे बार्बो यांनी शनि-नेपच्यून चक्र साम्यवादाशी जोडलं: 1846 ची युती आणि दोनच वर्षांनी आलेला साम्यवादी जाहीरनामा, 1917 ची युती आणि रशियन क्रांती, 1952-53 ची युती आणि मार्च 1953 मध्ये स्टालिनचा मृत्यू. पुढची युती 1989 ची, म्हणून ते वर्ष साम्यवादी जगासाठी निर्णायक ठरेल असं त्यांनी 1950 च्या दशकातच लिहिलं. 9 नोव्हेंबर 1989 ला बर्लिनची भिंत उघडली. मनापासून दाद द्यावी असं भाकीत आहे, कारण ते आधी लिहिलेलं होतं. पण याच बार्बोंनी पाच बाह्यग्रहांच्या दहा जोड्यांमधल्या अंतरांची बेरीज करून एक आलेख काढला होता. तो दोन्ही महायुद्धांच्या काळात खोल गेलेला दिसतो, आणि 1982-83 च्या सुमारासही. त्यावरून त्यांनी त्या वर्षांत जागतिक युद्धाच्या पातळीचं संकट अपेक्षिलं. तिसरं महायुद्ध झालं नाही. तुम्हाला 1989 ची गोष्ट अनेक जण सांगतील, 1982-83 ची क्वचितच कोणी.

मला स्वतःला यापेक्षा जास्त रस आहे तो क्रांतीच्या धामधुमीत ज्योतिष काय काम करत होतं यात. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद यांच्यात झालेल्या यादवीत ज्योतिषी विल्यम लिली संसदेच्या बाजूने पंचांगं छापत होता आणि जॉर्ज व्हार्टन राजाच्या बाजूने. ग्रह तेच, गणित तेच, आणि विजय मात्र दोघांच्या पंचांगांत उलटसुलट. 1648 मध्ये कोल्चेस्टरच्या वेढ्यावर लिलीला मुद्दाम नेलं गेलं, सैनिकांना धीर द्यायला. म्हणजे भाकीत घटनेत उतरून स्वतःच एक बाजू लढवत होतं. फ्रान्समध्येही असंच काहीसं दिसतं, तेही ज्योतिषाला न मानणाऱ्यांकडून. क्रांतिकारकांची नवी कालगणना 22 सप्टेंबर 1792 पासून धरली गेली. त्या दिवशी लोकसत्ताक सुरू झालं आणि त्याच दिवशी शरद संपात होता. जिल्बेर रोम यांनी राष्ट्रीय सभेपुढे मांडलं की आकाशात दिवस-रात्र समान झाले त्याच क्षणी पृथ्वीवर नागरिकांची समानता घोषित झाली. घडून गेलेल्या गोष्टीला आकाशाचा शिक्का हवासा वाटणं किती खोलवरचं आहे, ते इथे कळतं.

आणि खालचं वास्तव? सरकारी उत्पन्नाचा निम्म्याच्या आसपास भाग कर्जाच्या व्याजात जात होता. 13 जुलै 1788 ला फ्रान्सच्या मोठ्या पट्ट्यात गारपिटीने पिकं झोडपली, मग कडक हिवाळा आला. 11 जुलै 1789 ला लोकप्रिय अर्थमंत्री नेकर यांना राजाने काढलं, आणि पावाचे भाव शिखरावर होते त्याच दिवसांत बास्तीय पडला. आपल्या वराहमिहिराचं मला इथे कौतुक वाटतं. बृहत्संहितेत ग्रहचार आहेत, धूमकेतू आहेत, पण पाऊस, पीक आणि धान्याच्या भावांवरही अध्याय आहेत. राजाचं आसन कशाने हलतं याची त्याला जाण होती. आजचं मेदिनीय फलित बहुतेक वेळा हा भाग गाळून थेट हर्षल-प्लूटोवर उडी मारतं.

तुमच्या ज्योतिषांना खोटं पाडा असं मी सुचवत नाही, त्यांना एक काम द्या. हर्षल आणि प्लूटोचा पुढचा प्रतियोग साधारण 2046 ते 2048 मध्ये आहे. त्या काळात कोणत्या देशात क्रांती होईल, क्रांती कशाला म्हणायचं, किती अंशांचे दीप्तांश धरायचे, आणि काय घडलं नाही तर भाकीत चुकलं असं मानायचं, एवढं त्यांच्याकडून आजच तारीख घालून लिहून घ्या. लिहून द्यायला ते तयार झाले तर तो कागद जपून ठेवा, आणि इथेही टाका. मला तो नक्की वाचायचा आहे.