मालिकेतल्या फौजदाराची बदली

बेळगाव

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या पहिल्या कादंबरीचे हस्तलिखित आणि पुढच्या नऊ पुस्तकांचा आराखडा, दोन्ही वाचून झाले. भाषेबद्दल मला फारसे बोलायचे नाही; ती तुझ्याजवळ आहे. बोलायचे आहे ते आराखड्याबद्दल. त्यात तुझा पोलीस निरीक्षक पहिल्या पुस्तकापासून दहाव्यापर्यंत बेळगावच्या मार्केट ठाण्यातच बसलेला आहे. दर पुस्तकात एक खून होतो, निरीक्षक खुनी शोधतो, खुनी कोठडीत त्याच्यासमोर गुन्हा कबूल करतो आणि पुढच्या पुस्तकात मागच्या खुनाचे नावही निघत नाही. मराठीत अशा सुट्या रहस्यकथांची परंपरा मोठी आहे. बाबुराव अर्नाळकरांनी तर हजाराहून अधिक लिहिल्या, आणि आमच्या पिढीला वाचनाची गोडी लावण्यात त्यांचा वाटा किती आहे हे मी तुला सांगायला नको. पण तुला तेच करायचे असते तर दहा पुस्तकांचा आराखडा आधी मांडण्याचे काही कारण नव्हते.

फौजदारी न्यायालयांत तपास अधिकाऱ्यांची उलटतपासणी घेण्यात माझा बराचसा काळ गेला, त्यामुळे मला हा विषय त्या बाजूने दिसतो. पोलिसाच्या नोकरीत गुन्हा उकलायला लागणारा वेळ थोडा असतो आणि तो सिद्ध व्हायला लागणारा वेळ फार मोठा असतो. एका कादंबरीत हे अंतर मावत नाही, दहांत मावते. दीर्घ मालिका लिहिण्याचे सबळ कारण मला तरी तेवढे एकच दिसते.

म्हणून बदलीपासून सुरुवात कर. ठाण्याचा निरीक्षक एका खुर्चीत वीस वर्षे बसत नाही. दोन-तीन वर्षे झाली की आदेश येतो, कधी त्याच्याही आधी येतो, आणि अर्धवट तपास पुढच्या माणसाच्या हवाली करून त्याला निघावे लागते. तुला ही अडचण वाटली असावी म्हणून तू ती टाळली आहेस, पण आपल्या जिल्ह्यात तर ती देणगी आहे. निपाणीला त्याची बदली कर, म्हणजे तंबाखूच्या वखारी आणि महामार्ग तुझ्या हाती येतात. खानापूरला कर, म्हणजे भीमगडचे जंगल, कणकुंबीचा नाका आणि चोर्ला घाटातून येणारी गोव्याची स्वस्त दारू येते. अथणी किंवा कुडचीकडे ऊस आणि कृष्णेचा पूर आहे; सौंदत्तीला यल्लम्माची यात्रा आहे, जिथे पौर्णिमेला लाखोंच्या गर्दीत एक माणूस शोधायचा असतो. ग्रामीण भागात दोन-तीन ठाण्यांवर एक सर्कल इन्स्पेक्टर असतो आणि खुनासारखा गंभीर गुन्हा बहुधा त्याच्याकडेच जातो, त्यामुळे तुझ्या नायकाला तालुक्याच्या गावी पाठवले म्हणून त्याचे काम हलके होणार नाही. अधिकारी हलतात, पण हवालदार त्या मानाने जागेवर राहतात. कोणत्या गल्लीत कोणाचे कोणाशी वाकडे आहे, कोणता खबऱ्या दोन्हीकडून पैसे घेतो, हे साहेबाला नव्हे तर हवालदाराला ठाऊक असते. तुझ्या हस्तलिखितातला हवालदार चहा आणण्यापलीकडे काही करत नाही. त्याला नीट घडव; नायक तीन पुस्तकांनी त्या ठाण्याला परत येईल तेव्हा दार उघडायला तोच असेल.

आणि नायक परत येणारच, कारण त्याला समन्स येणार. तपास अधिकारी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला गेला तरी जुन्या खटल्यात साक्ष द्यायला त्याला यावेच लागते. चौथ्या पुस्तकात तो अथणीच्या एका प्रकरणात गुंतलेला असताना पहिल्या पुस्तकातल्या खुनाची सुनावणी लागावी, आदल्या रात्री त्याने स्वतःचीच केस डायरी परक्याची असल्यासारखी वाचावी, आणि दुसऱ्या दिवशी बचाव पक्षाच्या वकिलाने त्याला विचारावे की पंच घटनास्थळी हजर होते की ठाण्यात बसून सह्या केल्या. वाचकाला खुनी कोण हे पहिल्या पुस्तकातच कळलेले आहे. तरीही या प्रकरणात त्याचा श्वास अडकेल, कारण आता प्रश्न खुनी कोण हा नसून तो सुटणार की नाही हा आहे. शिक्षा झाली तर अपील आहे. २००८ पूर्वीचे अपील असेल तर बेंगळूरूला जाईल, त्यानंतर धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले आणि २०१३ मध्ये ते कायम झाले. जन्मठेप झाली तर माणूस हिंडलग्याच्या कारागृहात जातो, आणि मृत्युदंडही होऊ शकला असता अशा गुन्ह्यात चौदा वर्षे प्रत्यक्ष भोगल्याशिवाय त्याची मुदतपूर्व सुटका होत नाही. चौदा वर्षांचा हिशेब मांड: पहिल्या पुस्तकातला खुनी आठव्यात बाहेर येऊ शकतो. एकट्या कादंबरीच्या लेखकाला हे शक्य नाही. तुला आहे, आणि आराखड्यात तू त्याचा काहीच उपयोग केलेला नाहीस.

तुझ्या हस्तलिखितात कुठेही न आलेला, पण या जिल्ह्याच्या लेखकाला फुकट मिळालेला सर्वांत मोठा ऐवज वेगळाच आहे. समज, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावची म्हातारी साक्षीदार आहे. ती मराठीत बोलते, फौजदारालाही मराठी येते आणि तो तिला मराठीतच विचारतो. जबाब मात्र लेखनिक कन्नडमध्ये लिहितो, कारण ठाण्याचे दप्तर कन्नडमध्ये चालते. त्यातच पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही असा कायदा आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो कलम १६२ मध्ये होता, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १८१ मध्ये आहे. म्हणजे म्हातारीने जे सांगितले, फौजदाराला जे उमगले आणि लेखनिकाने जे लिहिले, या तिन्हींत कुठेही तिची स्वतःची खूण नाही. चार वर्षांनी सत्र न्यायालयात तो जबाब तिच्यासमोर ठेवला जातो आणि ती म्हणते, ‘मी असं सांगितलंच नव्हतं की.’ सरकारी वकील तिला फितूर ठरवण्याची परवानगी मागतात. ती विकली गेली आहे, घाबरली आहे, विसरली आहे, की लेखनिकाने खरोखरच काही गाळले होते? या चारही शक्यता तुझ्या नायकाला एकाच वेळी खऱ्या वाटल्या पाहिजेत, कारण त्या दिवशी प्रश्न विचारणारा तोच होता आणि लेखनिकाचा कागद त्याने वाचून पाहिला की नाही हे त्यालाही आठवत नाही. बंदुकीच्या चकमकीची जी वीस पाने तू लिहिली आहेस, त्यांच्यापेक्षा या एका प्रसंगात अधिक थरार आहे असे माझे मत आहे.

याच कारणासाठी कोठडीतली ती कबुली काढून टाक. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर त्या सापडण्याशी संबंधित तेवढा भाग टिकतो. त्यामुळे खरा निरीक्षक आरोपी बोलू लागला की समाधानाने खुर्चीत मागे रेलत नाही. तो पंच गोळा करायला माणूस धाडतो, आणि कोयता मलप्रभेच्या डोहात टाकला असे आरोपीने म्हटले तर त्याच्या डोक्यात पहिला विचार पाणबुड्यांचा येतो.

सीमेचा उपयोग तू वातावरणापुरता केला आहेस. तो कथानकात उतरला पाहिजे. बेळगावात खून करून गाडी वेंगुर्ला रस्त्याला लावली की शिनोळीला महाराष्ट्र सुरू होतो, तिथून कोल्हापूर जिल्हा ओलांडून आंबोलीला पोहोचले की सिंधुदुर्ग. प्रेत दरीत सापडले तर पंचनामा तिकडचे पोलीस करणार, बेपत्ता असल्याची तक्रार इकडे नोंदलेली असणार, आणि दोन राज्यांची, दोन भाषांतली कागदपत्रे एकमेकांना भेटेपर्यंत दिवस जाणार. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याने माहिती नोंदवून घ्यावी असे आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ स्पष्ट सांगते, पण नोंद झाली म्हणजे तपास कोणाचा हे ठरले असे होत नाही. तुझ्या नायकाचा चंदगडला त्याच्याच वयाचा एक मित्र-अधिकारी असू दे. दोघांच्या सोयरिकी गडहिंग्लजच्या एकाच घरात जुळलेल्या असू देत. कर्नाटकात पोलीस साठाव्या वर्षी निवृत्त होतो आणि महाराष्ट्रात अठ्ठावन्नाव्या, तेव्हा शेवटच्या एक-दोन पुस्तकांत पलीकडचा माणूस घरी बसलेला असेल आणि अलीकडच्याला त्याच्या जागी आलेल्या अनोळखी साहेबाशी बोलावे लागेल. पुराचेही असेच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि पुणे–बेंगळूरू रस्ताच बंद पडला. आरोपी पाण्याच्या त्या बाजूला आणि पुरावा या बाजूला, अशी मांडणी तुला दुसऱ्या कोणत्या जिल्ह्यात इतक्या सहज मिळेल?

सीमाप्रश्नावर नायकाच्या तोंडी जे भाषण आहे ते मात्र नको. तुझ्या मनात काय आहे ते मला माहीत आहे आणि माझे मन तुला माहीत आहे, पण खाकीतला माणूस त्या प्रश्नाला भेटतो तो बंदोबस्ताच्या रूपाने. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन असतो, आणि ज्या दिवशी प्रयोगशाळेचा अहवाल आणायला माणूस पाठवायचा त्याच दिवशी सगळे ठाणे रस्त्यावर उभे असते. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन, सुवर्ण विधानसौधमधले हिवाळी अधिवेशन, प्रत्येक वेळी तपास खोळंबतो. घरी मराठी बोलणारा फौजदार या दिवशी दोन जमावांच्या मध्ये काठी घेऊन उभा आहे, एवढेच दाखव आणि पुढे जा.

आता वयाचे आणि तारखांचे. इयान रँकिन यांच्या कादंबऱ्यांतला एडिंबराचा पोलीस अधिकारी जॉन रीबस १९८७ मध्ये आला आणि खऱ्या वर्षांबरोबर म्हातारा होत गेला. साठीला पोहोचल्यावर २००७ च्या पुस्तकात त्याला निवृत्त करावे लागले आणि २०१२ मध्ये तो परतला तो जुनी थंडावलेली प्रकरणे पाहणारा बिनवर्दीचा कर्मचारी म्हणून. स्वीडनच्या मे शोवाल आणि पेर वालू या जोडप्याने उलट केले. त्यांनी मार्टिन बेक या पोलीस नायकाच्या दहाच कादंबऱ्या लिहायच्या असे आधीच ठरवले आणि १९६५ ते १९७५ या काळात त्या पुऱ्या केल्या. मला हा दुसरा मार्ग अधिक पटतो, कारण शेवट माहीत असलेला लेखक मधल्या पुस्तकांत हात आखडत नाही. तू दहा ठरवलीच आहेस, तर नायकाचा जन्म १९६६ चा धर आणि पहिले पुस्तक २००४ मध्ये ठेव. त्याच वर्षी महाराष्ट्राने सीमाप्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तेव्हा शहरात तणाव असणे स्वाभाविक आहे. २०१४ मध्ये शहराचे सरकारी नाव बदलले आणि पोलीस आयुक्तालय आले, म्हणजे त्यापूर्वीच्या पुस्तकात शहरात पोलीस आयुक्त दिसता कामा नयेत. २०२० मध्ये करोनामुळे कोगनोळीच्या सीमा नाक्यावर माणसे अडवली जात होती. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले, तेव्हा नवव्या पुस्तकातला खून कलम १०३ खाली नोंदला जाईल, पण आधी घडलेला आणि उशिरा उघडकीस आलेला खून जुन्या ३०२ खालीच. २०२६ मध्ये तुझा नायक साठ वर्षांचा होतो.

हे सगळे एका वहीत लिहून ठेव: प्रत्येकाचे जन्मसाल, बदल्यांच्या तारखा, मुलांची इयत्ता, कोणत्या खांद्याला जखम. शेरलॉक होम्सच्या मित्राची, डॉ. वॉटसनची, गोळी पहिल्या कादंबरीत खांद्याला लागलेली आहे आणि दुसरीत पायाला, आणि शंभराहून अधिक वर्षे वाचक त्यावर वाद घालत आहेत. तो लेखक थोर होता म्हणून त्याला ते खपले. आपल्याला खपणार नाही.

आधी पहिल्या पुस्तकाचे शेवटचे प्रकरण पुन्हा लिही, आणि त्यात हवालदाराला आणि त्या म्हातारीला जागा दे. दुसऱ्या पुस्तकासाठी नायकाची बदली कुठे केलीस ते मला कळव. खानापूर ठरले तर कणकुंबीच्या रस्त्याची माहिती असलेल्या एका जुन्या पक्षकाराची गाठ घालून देईन. पुढच्या महिन्यात माझ्याकडच्या एका खुनाच्या खटल्यात तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी आहे. न्यायालय खुले असते, मागच्या बाकावर बसायला कोणाची परवानगी लागत नाही. तारीख नक्की झाली की निरोप पाठवतो. अकराच्या आत ये, आणि मोबाईल बंद ठेव.

तुझा,
वकीलकाका