अवरक्त: तांबड्याच्या खाली, म्हणजे कशात खाली?

फोंड्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवर मराठी फलक लावायचे आहेत. 'अवरक्त' (इन्फ्रारेड) वाचून घरी कोकणी बोलणाऱ्या मुलांना 'रगत' आठवते. त्याऐवजी 'उष्णता किरण' लिहावे का? आणि 'फार इन्फ्रारेड'ला 'दूरचे अवरक्त' म्हणावे का?

'अवरक्त'च ठेवावा. फक्त तो उलगडून सांगावा लागेल.

रक्त म्हणजे मुळात रंगवलेले, आणि त्यावरून तांबडे. रक्तचंदन, रक्तवर्ण यांत हाच अर्थ आहे; अंगातल्या रक्ताला ते नाव रंगावरूनच मिळाले. 'अव' म्हणजे खाली. पेटी शिकणाऱ्या मुलाला अवरोह ठाऊक असतो, तिथूनच सुरुवात करावी. अवरोहात सूर उतरतात, म्हणजे कंपनांची वारंवारता कमी होत जाते. अवरक्तातही खाली असते ती वारंवारताच. तरंगलांबी मात्र तांबड्यापेक्षा जास्त असते आणि चूक बहुधा इथेच होते. 'तांबड्यापेक्षा कमी तरंगलांबीचे किरण' असे फलकावर आले, तर अर्थ थेट दुसऱ्या टोकाला, जांभळ्याच्या बाजूला जातो. पाठ्यपुस्तकातला 'अवश्राव्य ध्वनी' याच घडणीचा आहे: २० हर्ट्झच्या खालचा, कानाला न ऐकू येणारा. दोन्ही शब्द शेजारी लिहिले की 'अव' कायमचा लक्षात राहतो.

'उष्णता किरण' हे नाव ऐतिहासिकदृष्ट्या समजण्यासारखे आहे. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेल यांनी १८०० साली लोलकातून सूर्यप्रकाश पसरवून प्रत्येक रंगात तापमापी ठेवली, तेव्हा तांबड्याच्या पलीकडे, काहीच दिसत नसलेल्या जागी, पारा सर्वांत जास्त चढला. पण त्यात लोलकाचाही हात होता: काच तांबड्याकडचे किरण कमी पसरवते, त्यामुळे तिथे ऊर्जा दाटते. शोषला गेलेला कोणताही प्रकाश वस्तू तापवतो, हिरवासुद्धा. उलट टीव्हीच्या रिमोटचे किरण अवरक्त आहेत, तरंगलांबी सुमारे ०.९४ मायक्रोमीटर, आणि तळहाताला त्यांची ऊब जाणवत नाही. हा प्रयोग टेबलावर जरूर मांडा. रिमोटचे बटण दाबून त्याचे टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघायचे, फिकट जांभळट ठिपका दिसतो. मागच्या कॅमेऱ्याला अवरक्त अडवणारी गाळणी असल्याने पुष्कळदा काही दिसत नाही. मग पुढचा कॅमेरा वापरावा.

उष्णतेचा संबंध आहे, पण तो वस्तूच्या तापमानाशी आहे. २८९८ ला केल्विनमधील तापमानाने भागले की ती वस्तू कोणत्या तरंगलांबीला सर्वाधिक उजळते ते मायक्रोमीटरमध्ये मिळते. एप्रिलच्या संध्याकाळी चिऱ्यांची भिंत ४५ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१८ केल्विन असेल, तर उत्तर सुमारे ९ येते. सूर्य मावळल्यावरही त्या भिंतीजवळ जी धग लागते, त्यात या किरणांचा मोठा वाटा असतो.

दुर्बीणही वस्तूच आहे. ती उबदार असेल तर तिचाच उजेड ताऱ्यांच्या उजेडावर पसरतो. म्हणून वेबचा आरसा पाच पदरी सूर्यढालीच्या सावलीत ५० केल्विनच्या आसपास ठेवला आहे आणि मध्य-अवरक्त टिपणारे उपकरण शीतयंत्राने ७ केल्विनच्याही खाली नेले आहे. ('७ अंश केल्विन' लिहू नये, १९६७ पासून या एककाला अंश लागत नाही.) तेव्हा 'वेब उष्णता पाहते' हे वाक्य फलकावर नको. 'वेब अवरक्त प्रकाश टिपते आणि त्यासाठी स्वतः गार राहते' हे नेमके आहे. जमिनीवरून हे काम अपुरे होते, कारण हवेतली वाफ अवरक्ताचे मोठे पट्टे शोषून घेते. गोव्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांना हे कारण वेगळे पटवावे लागणार नाही.

आता 'दूर'. निकट, मध्य आणि दूर ही अंतरे तांबड्या रंगापासून मोजलेली आहेत, आकाशातली नव्हेत. साधारणपणे ५ मायक्रोमीटरपर्यंत निकट, तिथून २५-३० पर्यंत मध्य आणि त्यापुढे दूर. या सीमा थोड्या मागेपुढे होतात. 'दूरचे अवरक्त' लिहिले की 'दुरून येणारे' असे वाचले जाते, म्हणून जोडरेघ देऊन 'दूर-अवरक्त' लिहावे. वेब ०.६ ते २८ मायक्रोमीटर पाहते. म्हणजे ती १५ लाख किलोमीटरवर असली तरी दूर-अवरक्त दुर्बीण नाही. ते काम २००९ ते २०१३ या काळात हर्शेल अवकाश दुर्बिणीने केले, ५५ ते ६७२ मायक्रोमीटरमध्ये, तिला गार ठेवणारा हेलियम संपेपर्यंत.

आणखी एक शब्द फलकावर येईलच: ताम्रसृती (रेडशिफ्ट). ताम्र म्हणजे तांबडा, तांबडी भाजी आणि गोव्यातले तांबडी सुर्ल गाव यांच्यातलाच. विश्व प्रसरण पावते तसा वाटेतला प्रकाश ताणला जातो. हायड्रोजनची ०.१२१६ मायक्रोमीटरची वर्णपटरेषा जंबुपार, म्हणजे जांभळ्याच्या पलीकडच्या भागात आहे. ताम्रसृतीच्या आकड्यात एक मिळवला की ताण किती पट ते मिळते; ताम्रसृती १० असेल तर ती रेषा ११ पट ताणून १.३४ मायक्रोमीटरवर, म्हणजे निकट-अवरक्तात येते. ताम्रसृती म्हणजे 'तांबडे होणे' नव्हे, तांबड्याच्या दिशेने सरकणे आहे. सरकता सरकता प्रकाश तांबडा ओलांडून पुढेही जातो.

छायाचित्रांखाली 'खोटे रंग' लिहू नका, मुलांना चित्रच खोटे वाटेल. 'नेमून दिलेले रंग' म्हणा आणि शेजारी लिहा: सर्वांत लांब तरंगांना तांबडा, सर्वांत आखूड तरंगांना निळा.