रोज थोडं डार्क चॉकलेट आणि पेपरमिंट घेतल्याने त्वचा, केस आणि तब्येतीला खरंच फायदा होतो का?

तुम्ही विचारलंय की रोज दोन तुकडे डार्क चॉकलेट आणि जेवणानंतर पेपरमिंट टी सुरू केला तर त्वचा-केसांत फरक पडेल का, आणि कोको पावडरच्या फेसपॅकमध्ये पेपरमिंट तेलाचे थेंब टाकले तर चालतील का. थेंबांचं आधी सांगते कारण त्यात तोंड पोळायचा संबंध आहे. असे अंदाजाने थेंब टाकू नका.

मी हौसेने घरी लिप बाम बनवते. पहिल्यांदा केला तेव्हा गरम पाण्यावर वाटी ठेवून मेण, कोको बटर आणि बदाम तेल वितळवलं, सगळा मिळून २० ग्रॅमचा ऐवज, आणि त्यात पेपरमिंटचे दोन थेंब टाकले तर वासच येईना (मिश्रण गरम असल्यामुळे तेल वाफेबरोबर उडून जात होतं हे तेव्हा डोक्यात आलं नाही) म्हणून आणखी दोन, आणखी दोन असं करत पंधरा-सोळा झाले. वाटीवर वाकले तर डोळ्यांतून पाणी. तरी मी शहाणी, डबीत भरून थंड झाल्यावर लावलाच. पहिला मिनिटभर मस्त गारगार, मग जी आग सुरू झाली ती विचारू नका. पाण्याने धुतलं तर आणखीच झोंबलं, कारण हे तेल पाण्यात विरघळत नाही आणि वरून गार पाण्याने तो गारवा अजून चढतो. शेवटी स्वयंपाकाचं साधं तेल कापसावर घेऊन पुसलं तेव्हा कुठे शांत झालं. तेव्हापासून मी थेंब मोजते. ढोबळ हिशेब असा, ५ मिलीचा एक चमचा म्हणजे साधारण १०० थेंब, म्हणजे चमचाभर तेलात एक थेंब टाकला की झालं १ टक्का. अंगाला लावायला १ ते २ टक्के ठीक आहे, चेहऱ्याला त्याच्याही निम्मं, आणि डोळ्यांच्या आसपास अजिबात नको. आणि पाण्यात किंवा दह्यात कालवलेल्या फेसपॅकमध्ये थेंब टाकला तर तो मिसळतच नाही, तसाच वर तरंगतो आणि जिथे लागेल तिथे नुसतं शंभर टक्के तेल लागतं. लोक नेमके इथेच फसतात. टाकायचाच असेल तर आधी साध्या तेलात मिसळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा, मग चेहऱ्याचं बघा.

आता तो गारवा म्हणजे काय ते सांगते, कारण पेपरमिंटचे निम्मे फायदे (आणि निम्म्या थापा) तिथूनच येतात. आपल्या त्वचेतल्या नसांमध्ये थंडी ओळखणारं एक प्रोटीन असतं, टीआरपीएम८ नावाचं. खरी थंडी लागली की ते मेंदूला कळवतं. पेपरमिंटमधला मेन्थॉल नेमकं तेच प्रोटीन चालू करतो, त्वचा मुळीच थंड झालेली नसताना. थर्मामीटर लावला तर आकडा तोच. पेपरमिंटची गोळी चघळून झाल्यावर साधं पाणी प्यायलं की फ्रिजमधलं वाटतं ना, तेच हे. हे प्रोटीन २००२ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुशियन या दोघांनी वेगवेगळं काम करून शोधलं, आणि स्पर्श-तापमान कसं कळतं या कामासाठी दोघांना २०२१ चं नोबेलही मिळालं.

म्हणून नाक चोंदल्यावर मेन्थॉल हुंगलं की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकातून जाणारी हवा मोजून बघितली तर ती तेवढीच असते. मला विचाराल तर भास का असेना, रात्री झोप लागत असेल तर चांगलाच आहे. फक्त तान्ह्या बाळाच्या आणि दोन वर्षांखालच्या मुलांच्या नाकाजवळ, छातीवर हे काहीही लावू नका, त्याने त्यांचा श्वास अडकू शकतो. ही मात्र गंमतीची गोष्ट नाही.

डोकेदुखीला कपाळावर लावतात त्यात तथ्य आहे. जर्मनीत ताणाने होणाऱ्या डोकेदुखीवर १० टक्के पेपरमिंट तेल अल्कोहोलमध्ये मिसळून कपाळाला आणि कानशिलांना लावून बघितलं होतं, आराम पॅरासिटामॉलच्या आसपास मिळाला. पण ते तयार औषध, प्रमाण मोजलेलं, घरी बाटलीतून ओतलेलं नव्हे.

केसांचं म्हणाल तर पेपरमिंट तेलाने केस वाढतात असे जे व्हिडिओ दिसतात त्यांच्या मागचा अभ्यास २०१४ चा आहे आणि तो उंदरांवरचा आहे. उंदरांचे केस चार आठवड्यांत छान आले, त्यांचं अभिनंदन. माणसांच्या बाबतीत एवढंच की मालिश केल्यावर डोक्यात झिणझिण्या येतात आणि आपल्याला वाटतं काहीतरी होतंय. शांपूच्या एका वेळच्या मापात एखादा थेंब टाकला तर डोकं ताजंतवानं वाटतं, खाज असेल तर तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण केस गळायचे ते गळतातच.

पेपरमिंटचा खरा फायदा आहे तो पोटाला, आणि त्यावर सौंदर्यवाले फारसं बोलत नाहीत कारण ते विकायला काही सुंदर नाही. मेन्थॉलमुळे आतड्याचे स्नायू सैल पडतात. ज्यांना आयबीएस आहे, म्हणजे पोट कायम मुरडणं, गच्च होणं, कधी जुलाब कधी बद्धकोष्ठ, त्यांच्यासाठी पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल असतात, त्यांना असं आवरण असतं की त्या जठरात न फुटता पुढे आतड्यात जाऊन फुटतात. अमेरिकेतल्या पोटविकार डॉक्टरांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शनात या त्रासाला पेपरमिंट सुचवलंय. ती कॅप्सूल चावायची नाही, चावली तर छातीत जळजळ ठरलेली. आणि बाटलीतलं तेल पाण्यात टाकून प्यायचं असले उद्योग तर करूच नका.

नुसत्या चहात एवढा जोर नसतो पण जेवण जड झालं असेल तर बरं वाटतं. चहा करताना वर झाकण ठेवा, पाच-सात मिनिटं. मग झाकण उचलून त्याच्या आतल्या बाजूला जमलेलं पाणी हुंगून बघा, सगळा वास तिथे असतो, ते थेंब परत कपात पाडायचे. उघड्या भांड्यात खळखळ उकळलं तर हे सगळं घरभर जातं आणि कपात हिरवट पाणी उरतं. अजून एक, पेपरमिंट आणि घरातला पुदिना एक नाहीत. पेपरमिंट ही दोन पुदिन्यांची संकरित जात आहे, तिच्यात मेन्थॉल भरपूर. स्पिअरमिंट प्रकारच्या पुदिन्यात मेन्थॉल जवळपास नसतोच, त्याचा वास कार्वोन नावाच्या वेगळ्याच घटकाचा. चवीला छान, पण वर सांगितलेले गुण त्याच्याकडून मागू नका.

आता चॉकलेट. यात गोम अशी आहे की फायदा कोकोचा आणि विकत घेतो आपण चॉकलेट. कोकोत फ्लॅव्हनॉल नावाचे घटक असतात, ते रक्तवाहिन्या थोड्या सैल ठेवतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये हे मान्य केलं, रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉल पोटात गेले तर. ते १० ग्रॅम चॉकलेटमधून मिळू शकतात, पण कुठल्याही चॉकलेटमधून नाही, मुद्दाम फ्लॅव्हनॉल राखून बनवलेल्यातूनच. कोकोच्या बिया आंबवताना, भाजताना फ्लॅव्हनॉल कमी होत जातात आणि सगळ्यात जास्त मारले जातात ते अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराची प्रक्रिया करताना. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात नेदरलँड्सच्या व्हॅन हाउटेन यांनी काढली, म्हणून तिला डच प्रोसेस म्हणतात. कडूपणा जातो, रंग गडद होतो, पावडर दुधात नीट मिसळते, आणि ज्यासाठी आपण ती आणली ते बरंचसं गेलेलं असतं.

दोन्ही पावडरी शेजारी शेजारी बशीत ठेवून बघा. साधी कोको पावडर फिकट, लालसर विटकरी दिसते, जिभेवर ठेवली तर आंबट-तुरट लागून तोंड वेडंवाकडं होतं. डचवाली काळपट चॉकलेटी, चवीला गुळमुळीत. आपण काळी म्हणजे अस्सल समजून हमखास चुकीची उचलतो, मीही कित्येक वर्षं तेच केलं. पाकिटावर घटकांत अल्कलीचा उल्लेख दिसतो का तेवढं वाचा. आणि चॉकलेटवर ७० टक्के लिहिलेलं असतं ते कोको आणि कोको बटर दोन्ही धरून असतं, त्यावरून फ्लॅव्हनॉल किती ते कळत नाही. व्हाइट चॉकलेटात तर फक्त कोको बटर, साखर आणि दूध, त्याला या चर्चेत घेऊच नका.

बरं, फायदा किती? २०१७ मध्ये पस्तीस प्रयोग एकत्र करून बघितलं तर रक्तदाब सरासरी २ अंकांच्याही आतच उतरला. गोळी बंद करावी असं त्यात काही नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, एकवीस हजारांवर वयस्कर लोक, रोज ५०० मिलिग्रॅम कोको फ्लॅव्हनॉलची कॅप्सूल, साडेतीन वर्षांच्या वर. एकूण हृदयविकाराच्या घटनांमध्ये खात्रीने सांगावा असा फरक पडला नाही, हृदयविकाराने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आणि लक्षात घ्या, ती कॅप्सूल होती, चॉकलेटमधली साखर आणि कोको बटर सोडून. तेवढे फ्लॅव्हनॉल नेहमीच्या चॉकलेटमधून मिळवायला गेलात तर १०० ग्रॅममागे ६०० कॅलरी आहेतच.

मूड चांगला होतो म्हणतात ते प्रेमाच्या केमिकलमुळे नाही, फिनाइलइथाइलअमीन नावाचं ते केमिकल मेंदूपर्यंत पोचायच्या आधीच शरीर मोडून टाकतं. थोडं कॅफीन, कॅफीनच्याच जातीचं बरंच थिओब्रोमाइन आणि तोंडात विरघळण्याचं सुख, एवढ्याने काम भागतं. कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे हातात घट्ट आणि तोंडात गेलं की गायब. रात्री उशिरा खाऊन झोप लागत नाही म्हणून तक्रार करू नका मात्र.

त्वचेसाठी २००६ मध्ये जर्मनीत बायकांना बारा आठवडे जास्त फ्लॅव्हनॉलचा कोको प्यायला दिला होता, उन्हाच्या किरणांनी येणारी लाली सुमारे २५ टक्के कमी झाली. पण जेमतेम दोन डझन बायका, आणि कोको प्यायला होता, थापला नव्हता. म्हणून सनस्क्रीन सोडायची नाही आणि चॉकलेट फेसपॅककडून फार अपेक्षा ठेवायची नाही. पॅक धुतल्यावर चेहरा मऊ लागतो तो त्यातल्या दह्या-तेलामुळे. कोको बटर मात्र फाटलेल्या टाचा, कोपरं, ओठ यांना एक नंबर, ओलावा धरून ठेवतं. चेहऱ्याला नको, निदान तेलकट त्वचेला तरी, मी आठवडाभर रात्री लावून हनुवटीवर पुरळांची रांग काढून घेतली होती. आणि बाळंतपणाच्या स्ट्रेच मार्क्सना त्याचा उपयोग नाही, गरोदर बायकांवर साध्या क्रीमशी तुलना करून बघितलंय, फरक आला नाही.

आता तुमच्या जेवणानंतरच्या जोडीबद्दल. जेवण झालं की मिंट चॉकलेट किंवा चॉकलेट आणि वर पेपरमिंट टी, ऐकायला भारी आहे, पण ज्यांना ॲसिडिटी आहे त्यांच्यासाठी याहून वाईट जोडी शोधून सापडणार नाही. अन्ननलिका आणि जठराच्या मधली झडप दोघंही सैल करतात, मग आंबट पाणी वर. आतड्याला सैल करून आराम देणारा गुण झडपेवर चालला की तोच त्रास. तुम्हाला तो त्रास नसेल तर खुशाल घ्या, पण लगेच आडवे होऊ नका. दुसरं म्हणजे डार्क चॉकलेटात लोह भरपूर म्हणून हिमोग्लोबिनसाठी खाणारे बरेच आहेत. लोह असतं खरं, पण कोको आणि पेपरमिंट टी दोन्ही जेवणातल्या शाकाहारी लोहाचं शोषण कमी करतात. तुमचं हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवण आणि हे, यात तास-दीड तास जाऊ द्या. केस गळतीचं कारण लोह कमी असणं हे असू शकतं, तेव्हा डोक्याला पेपरमिंट चोळण्याआधी एकदा रक्त तपासून घेतलेलं बरं.

किडनी स्टोन होऊन गेला असेल तर कोकोत ऑक्झलेट बरंच असतं, डॉक्टरांना विचारा. कोकोच्या झाडात मातीतलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू येतो, युरोपने २०१९ पासून चॉकलेटमध्ये त्याची मर्यादा ठरवली ती त्यामुळेच. म्हणून लहान मुलांना आणि गरोदरपणात रोजच्या रोज डार्क चॉकलेटचा रतीब नको, अधूनमधून ठीक. घरात कुत्रा असेल तर चॉकलेट वरच्या फळीवर ठेवा, थिओब्रोमाइन त्यांना पचत नाही आणि डार्क जितकं जास्त तितकं ते विषारी. मांजर असेल तर पेपरमिंट तेलाचा डिफ्यूझर लावू नका.

मी स्वतः काय करते विचाराल तर सकाळी साध्या कोको पावडरचा एक चमचा गरम दुधात, साखर नावापुरती. पेपरमिंट टी दुपारी, जेवणानंतर तासाभराने. लिप बाममध्ये २० ग्रॅमला दोन थेंब, मिश्रण कोमट झाल्यावर. आणि तुम्ही फेसपॅकसाठी कोको पावडर आणून ठेवलीच असेल तर बघा पाकिटावर अल्कली आहे का, नसेल तर सरळ पिऊन टाका.