लांडग्याच्या दाढेला दाढ म्हणावं का?

यावलच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसुंदा यांच्या दातांवर मजकूर लिहायचाय. दाढ म्हणजे दळणारा दात. मग मांस कापणाऱ्या जनावरांच्या मागच्या दातांना 'दाढा' कसं म्हणायचं?

खुशाल म्हणा. 'दाढ' संस्कृत 'दंष्ट्रा'वरून, प्राकृत 'दाढा'मार्गे आला, आणि दंष्ट्रा म्हणजे सुळा, फाडणारा दात. 'यमाच्या दाढेतून सुटला' या बोलण्यात तोच जुना धाक आहे. दळण्याचा अर्थ मागाहून चिकटला. आज मात्र तोच पक्का आहे: 'मनी दाढ दुखी ऱ्हायनी' (माझी दाढ दुखतेय) असं अहिराणीत म्हणणारा माणूस सुळ्याला हात लावत नाही, गालाच्या मागे लावतो.

खरी मेख पुढे आहे. कुत्र्याच्या या कुळात वरची चौथी उपदाढ (उपदाढा म्हणजे सुळा आणि दाढा यांच्यामधले दात) आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींना घासून मिटतात. गल्लीतलं कुत्रं हाड खाताना बघा. मान तिरकी करून ते हाड तोंडाच्या कोपऱ्यात नेतं, कारण धार तिथे आहे. म्हशीसारखा जबडा आडवा फिरवणं त्याला जमत नाही. खालच्या त्या दाढेचा पुढचा भाग कापायचा, मागचा चेचायचा, आणि कोणता किती मोठा यावरून खाणं ओळखता येतं. कोल्ह्यात मागचा भाग रुंद, त्यामागच्या दाढाही पसरट. उंदीर, मेलेलं ढोर, हंगामात बोरं, सगळं चालतं. सातपुड्यातला कोळसुंदा सांबर-चितळावर जगतो. त्याच्यात तो मागचा भाग अरुंद, एकाच उंचवट्याचा, म्हणजे तिथेही धारच. खालची तिसरी दाढ त्याला नसतेच, म्हणून बाकी तिघांचे दात 42 आणि त्याचे 40. जबडा आखूड, त्यामुळे सुळ्यांची पकड घट्ट. लांडगाही मांसावरच, पण चेचायची सोय त्याने राखली आहे. खोकडाचं तोंड निमुळतं. जोर कमी, झडप चपळ, किड्या-उंदरांना पुरेशी.

तेव्हा त्या जोडीला 'कातरदाढ' म्हणा, मागच्यांना नुसतं 'दाढ'. कातरदाढ मी जोडलेला शब्द आहे, पण पाचवीतल्या मुलाला तो न सांगता कळेल. 'मांसभेदक दंत' असा जड शब्द पाठ करावा लागेल. आणि कोळसुंद्याला मजकुरात 'जंगली कुत्रा' लिहू नका. मुलं गावातल्या मोकाट कुत्र्याचे दात मोजतील आणि ते 42 भरतील.