नेट स्लो की कॉम्प्युटर स्लो? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात बहुतेक मेल एकाच तक्रारीचे आलेत, कॉम्प्युटर हळू झालाय, आणि जवळपास प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी विकत घ्यायला सांगून ठेवलंय, कुणाला मोठा प्लॅन तर कुणाला नवा पीसीच. पैसे काढायच्या आधी मीटर बघा, एवढंच माझं म्हणणं. तो फुकट आहे आणि विंडोजमध्ये आधीपासून बसवलेला आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्स नावाचा टॅब आहे, खालची बरीच उत्तरं तिथूनच सुरू होतात.

प्रश्न (नाशिक): प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे पण मोठी फाइल डाउनलोड करताना क्रोममध्ये ११ एमबीच्या वर जातच नाही. केबलवाला म्हणतो सगळं ओके आहे. फसवतायत का?

नाही, या बाबतीत तो खरं बोलतोय. प्लॅन मोजतात बिटमध्ये, ब्राउझर दाखवतो बाइटमध्ये, आणि ८ बिटचा एक बाइट. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा, त्यातून प्रत्येक पॅकेटवरच्या (डेटा अशा छोट्या तुकड्यांत येतो) पत्त्याबित्त्याचा खर्च वजा केला की ११ ते पावणेबारा उरतात. तुम्हाला पूर्ण स्पीड मिळतोय. टास्क मॅनेजरमधला नेटवर्कचा ग्राफ मात्र बिटमध्येच असतो, त्यामुळे तोच डाउनलोड तिथे ९० च्या पुढे दिसेल, बघून घ्या म्हणजे मनातली शंका जाईल.

प्रश्न (पुणे): आम्ही ३०० चा प्लॅन घेतला. मोबाइलवर वायफायने २५० वगैरे येतं आणि डेस्कटॉपला डायरेक्ट केबल लावूनसुद्धा ९४ च्या पुढे सरकत नाही. उलटं व्हायला पाहिजे ना?

हो, उलटंच व्हायला पाहिजे, आणि ९४ हा आकडा बघूनच दुखणं कळतं. १०० च्या लिंकवर कितीही चांगलं नेट असलं तरी प्रत्यक्ष डेटा ९४-९५ एमबीपीएसच्या वर जाऊ शकत नाही, तेवढाच तिचा हिशोब आहे. म्हणजे तुमचा डेस्कटॉप आणि राउटर यांनी आपसात १००० ऐवजी १०० ची लिंक धरलीये. सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडा, तिथे लिंक स्पीड लिहिलेला असतो, १००/१०० दिसलं की शिक्कामोर्तब.

कारणं बहुतेक वेळा दोनच असतात. एक म्हणजे केबल. आत ८ तारा, चार जोड्या असतात, १०० ला दोन जोड्या पुरतात पण गिगाबिटला, म्हणजे १००० ला, चारही लागतात, त्यामुळे खिडकीच्या फटीतून ओढताना किंवा उंदराने कुरतडून उरलेल्या दोन जोड्यांतली एखादी तार तुटली, नाहीतर टोकाचा क्लिप नीट क्रिम्प झाला नाही, तर नेट बंद पडत नाही, गुपचूप १०० वर उतरतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरं कारण राउटर, स्वस्तातल्या बऱ्याच ड्युअल बँड राउटरचे पोर्टच १०० चे असतात, वायफाय मात्र त्याहून वेगवान. पण तुमच्या मोबाइलवर त्याच राउटरच्या वायफायने २५० येतंय ना, मग निदान बाहेरून आत येणारा पोर्ट तरी गिगाबिटचा आहे, आतले पोर्ट बॉक्सवर किंवा कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून बघा. आधी मात्र केबल बदला, कॅट ५ई लिहिलेली साधी केबल घरातल्या अंतराला भरपूर झाली, कुणी कॅट ८ गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

प्रश्न (चिपळूण): मी घरून अकाउंट्सची कामं करतो. डेस्कटॉप सातव्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी चालू केला की वीस मिनिटं हात लावता येत नाही, नंतर एक्सेल आणि ब्राउझर एकत्र उघडले की परत तेच. नेटवाला म्हणतो कॉम्प्युटरचा प्रॉब्लेम, दुकानदार म्हणतो नवा घ्या, पोरगा म्हणतो क्लीनर टाकतो.

काका, क्लीनर सगळ्यात आधी बाजूला ठेवा. रॅम साफ करतो, पीसी बूस्ट करतो म्हणणारी ही सॉफ्टवेअरं स्वतःच चालू राहून रॅम खातात, आणि रॅम रिकामी केल्याचं दाखवतात तेव्हा प्रत्यक्षात तुमच्या उघड्या प्रोग्रॅमचा माल डिस्कवर ढकलतात, तो परत आणताना कॉम्प्युटर आणखी हळू होतो. लोकांच्या अडचणीवर चालणारा हा धंदा आहे आणि मला त्याचा खरंच राग येतो.

आता उद्या सकाळी पीसी अडकलेला असतानाच टास्क मॅनेजर उघडा, नंतर नाही, अडकलेला असतानाच, कारण सगळं शांत झाल्यावर ग्राफ काहीच सांगत नाहीत. परफॉर्मन्समध्ये डिस्कवर क्लिक करा. मला वाटतं अ‍ॅक्टिव्ह टाइम १०० टक्के दिसेल आणि त्याच वेळी खाली रीड-राइट मिळून जेमतेम एक-दोन एमबी असेल. हे विचित्र वाटतं पण हार्ड डिस्कचं कामच तसं आहे, ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरा मारायला ८.३ मिलिसेकंद लागतात, वर मुंडी इकडून तिकडे हलवायचा वेळ वेगळा, त्यामुळे विखुरलेल्या छोट्या फाइली असतील तर सेकंदाला शंभरेकच कामं उरकतात, आणि विंडोज चालू होताना तर अशी हजारो कामं एकदम मागतो, अपडेट, अँटिव्हायरसचं स्कॅन, सर्चचं इंडेक्सिंग, सगळे एकाच वेळी दारात. एसएसडी म्हणजे चिपवर चालणारी डिस्क, तिला फिरणारी तबकडीच नाही, ती अशी कामं सेकंदाला हजारोंनी करते.

तिथेच अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम बघा. दहा-वीस मिलिसेकंद असेल तर डिस्क ठीक आहे, शेकड्यात जाऊन बसला असेल तर एकतर रांग लागलीये किंवा डिस्क म्हातारी झालीये. कोण एवढं वाचतंय-लिहितंय ते बघायला स्टार्टमध्ये रिसोर्स मॉनिटर टाइप करा, त्याच्या डिस्क टॅबमध्ये फाइलच्या नावासकट दिसतं. त्याच्याच मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्स पर सेकंद असा रकाना आहे, एक्सेल आणि ब्राउझर उघडल्यावर तो सतत शेकड्यात राहिला तर रॅम अपुरी पडतेय आणि विंडोज रॅमचं काम डिस्ककडून करून घेतोय, म्हणजे आधीच दमलेल्या डिस्कवर दुप्पट बोजा. तुमच्या ४ जीबीत हेच होत असणार.

नवा पीसी घ्यायच्या आधी एक साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी) आणि एक रॅमची कांडी, इतकंच करून बघा. परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की स्लॉट्स युज्ड १ ऑफ २ असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे केस न उघडता जागा आहे की नाही कळतं. आणि हे सगळं करण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. गुडच्या ऐवजी कॉशन दिसलं तर बाकी सगळं सोडून पहिल्यांदा क्लायंटच्या फाइली दुसऱ्या जागी कॉपी करा, अगदी आजच्या आज.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायला हवी. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि सातवी जनरेशन विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही (काही मोजके अपवाद सोडले तर). लोकांचे पॅन आणि बँकेचे तपशील तुमच्या मशिनवर आहेत, तेव्हा सिक्युरिटी अपडेटची वाढीव मुदत घेता येते का ते बघाच. प्रोसेसर तुमच्या कामाला अजून पुरेल, नवा पीसी घ्यायची वेळ आलीच तर ती या अपडेटमुळे येईल, स्पीडमुळे नाही.

प्रश्न (कोल्हापूर): विंडोज ७ ला खाली घड्याळाशेजारी नेटचा स्पीड दिसायचा असं एक छोटं सॉफ्टवेअर होतं. विंडोज ११ ला ते चालत नाही. काही पर्याय?

ते चालणारही नाही, कारण विंडोज ११ चा टास्कबार नव्याने लिहिलाय आणि त्यात बाहेरचे टूलबार चिकटवायची जुनी सोयच काढून टाकलीये. ट्रॅफिकमॉनिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर गिटहबवर मिळतं, कोड सगळ्यांना बघायला उघडा आहे, अपलोड-डाउनलोड, सीपीयू आणि रॅम टास्कबारमध्येच दाखवतं. त्याची लाइट आवृत्ती घ्या, तिच्यात टेंपरेचर दाखवायची भानगड नाही. टेंपरेचर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरना हार्डवेअरपर्यंत पोचायला ड्रायव्हर लागतो, आणि अशा बऱ्याच टूलमध्ये वापरलेल्या विनरिंगझिरो नावाच्या ड्रायव्हरला त्यातल्या कमजोरीमुळे विंडोज डिफेंडर २०२५ पासून धोकादायक म्हणून अडवायला लागलाय, नुसत्या स्पीडसाठी ती कटकट कशाला.

काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्समध्ये नेटवर्कच्या ग्राफवर डबल क्लिक करा, बाकी सगळं गायब होऊन नुसता ग्राफ उरतो, खिडकी छोटी करून कोपऱ्यात ठेवा, सेटिंग्जमधून ऑलवेज ऑन टॉप करा.

प्रश्न (गडचिरोली जिल्हा): मी शिक्षिका आहे. गावात ब्रॉडबँड नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डेस्कटॉप चालवते. रोजचा २ जीबी दुपारीच संपतो, मी फक्त पोर्टलवर माहिती भरते.

ताई, पोर्टलवर फॉर्म भरायला इतका डेटा लागत नाही, मागे दुसरंच काहीतरी चालू आहे. सेटिंग्जमध्ये नेटवर्क आणि इंटरनेट, तिथे डेटा युसेज म्हणून पान आहे, कुठल्या प्रोग्रॅमने किती खाल्लं ते नावानिशी दिसतं. मग त्याच हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन मीटर्ड कनेक्शन चालू करा, विंडोज बहुतेक मोठे अपडेट आपणहून थांबवतो आणि वनड्राइव्हही सिंक करायचा थांबतो. विंडोज अपडेटच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आहे, तेही बंद करा, कारण ते चालू असताना तुमचा पीसी डाउनलोड केलेले अपडेट दुसऱ्यांच्या पीसीला पुरवू शकतो. मात्र अपडेट कायमचे अडवून ठेवू नका, तालुक्याला किंवा शाळेत चांगलं नेट मिळेल तेव्हा करून घ्या.

प्रश्न (ठाणे): स्पीड टेस्टला कायम ९० च्या वर, तरी संध्याकाळी मीटिंगमध्ये माझा आवाज तुटतो. नेट कंपनी स्पीड टेस्टचा फोटो मागते आणि तक्रार बंद करते.

कारण ते चुकीची गोष्ट मोजतायत. मीटिंगला स्पीड फार लागत नाही, उशीर चालत नाही. घरातला कुणाचा फोन संध्याकाळी वायफायला लागला की दिवसभराचे फोटो-व्हिडिओ अपलोड करायला घेतो, अपलोडची वाट भरते, राउटर पॅकेट टाकून न देता साठवत बसतो आणि तुमचा आवाज त्या साठ्याच्या मागे उभा राहतो, एसटी स्टँडच्या एकाच खिडकीवर कुणी अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटं काढत असावं तसं.

हे पकडायला पिंग वापरा, म्हणजे एक छोटा निरोप जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट टाइप करून त्याच्या दोन खिडक्या उघडा. एकीत पिंग, स्पेस, राउटरचा पत्ता (बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मग डॅश टी. दुसरीत तसंच पण पत्ता ८.८.८.८, तो बाहेरचा, गूगलचा सर्व्हर आहे. आकडे अर्थात इंग्रजीत टाइप करायचे. मीटिंगभर चालू राहू द्या. राउटरचाच पिंग एकदम शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर उडतोय तर घोळ वायफायचा, पीसी केबलवर घ्या किंवा ५ गीगाहर्ट्झवर न्या. राउटरचा एक-दोन मिलिसेकंद आणि बाहेरचा शेकड्यात, तर आधी घरातले अपलोड थांबवून बघा, लगेच सुधारला तर कारण सापडलं, मग फोनचे बॅकअप रात्री उशिरा लावा आणि राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वाट द्यायची ते ठरवायची सोय) असेल तर अपलोडची मर्यादा प्लॅनच्या थोडी खाली बांधा. घरात सगळं बंद ठेवूनही बाहेरचा पिंग संध्याकाळीच चढत असेल तर दोष त्यांच्या बाजूचा असण्याची शक्यता जास्त, पुढच्या तक्रारीला स्पीड टेस्टऐवजी वेळेसकट या दोन खिडक्यांचा फोटो जोडा आणि त्याचं लेखी उत्तर मागा.

प्रश्न (सांगली): सिस्टिम आयडल प्रोसेस नावाचं काहीतरी माझा ९७ टक्के सीपीयू खातंय. व्हायरस आहे का?

नाही. तेवढा सीपीयू रिकामा बसलाय, असा त्याचा अर्थ. तो आकडा जितका मोठा तितकं बरं, त्याला एंड टास्क करायला जाऊ नका.

प्रश्न (नागपूर): जुन्या पीसीवर लिनक्स मिंट टाकलं. ८ जीबी रॅम आहे पण टर्मिनलमध्ये फ्री कमांड दिली की ३००-४०० एमबीच फ्री दाखवतं. विंडोजपेक्षा हलकं म्हणतात ते हेच का?

तुम्ही चुकीचा रकाना बघताय. लिनक्स रिकामी रॅम वाया घालवत नाही, वाचलेल्या फाइली तिथेच ठेवून देतो म्हणजे परत लागल्या तर डिस्कवर जायला नको, आणि एखाद्या प्रोग्रॅमने रॅम मागितली की ती जागा लगेच सोडतो. त्यामुळे फ्रीचा रकाना सोडा, शेवटचा अव्हेलेबल बघा, तो चार-पाच जीबी असेल तर तुम्ही निवांत आहात. एचटॉप टाका, ते टास्क मॅनेजरसारखंच, बघायला सोपं आहे. कुठला प्रोग्रॅम नेट खातोय त्यासाठी नेटहॉग्ज, कमांडच्या आधी सुडो (अ‍ॅडमिनचे हक्क देणारा शब्द) लावून चालवायचं. आणि व्हीएनस्टॅट तर नक्कीच इन्स्टॉल करा, ते मागे राहून तासाचा, दिवसाचा, महिन्याचा डेटा नोंदवत राहतं, फक्त टाकलेल्या दिवसापासूनचाच हिशोब मिळतो, मागचा नाही, म्हणून आजच टाका.